तारण म्हणजे नेमकं कशातून? एका ख्रिस्ती संकल्पनेची ज्यू मुळं आणि आपली मराठी

मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात पेटची तयारी करणारी एक ज्युनिअर भेटली. विषय तिचा चांगला आहे: एकोणिसाव्या शतकातलं मराठवाड्यातलं मिशनरी काम. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पुढे ठेवून ती म्हणाली, "दादा, साल्व्हेशन म्हणजे मोक्षच ना? मी सगळीकडे मोक्ष लिहिलंय." मी पटकन "नाही" म्हणालो. पण का नाही, हे कँटीनमध्ये चहा संपेपर्यंत मला नीट सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा सावकाशीनं दिलेलं.

प्रश्न फक्त तिचा नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, तौलनिक धर्माभ्यास, कुठल्याही विषयातून धर्मांतराकडे गेलात तर हा शब्द आडवा येतोच. आणि शब्द चुकला की पुढचा सगळा युक्तिवाद चुकतो.

आपल्या कानावरचे दोन शब्द

मराठी चर्चमध्ये साल्व्हेशनसाठी रुळलेला शब्द आहे 'तारण'. येशू ख्रिस्त हा 'तारणारा'. सोबत उद्धार, मुक्ती, सोडवणूक असे शब्दही येतात. आता गंमत बघा. लातूरच्या मोंढ्यात एखाद्या शेतकऱ्याला 'तारण' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर चर्च येत नाही, गोदाम येतं. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. भाव पडलेले असताना सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं आणि सहा महिन्यांच्या आत कर्ज फेडून माल सोडवून घ्यायचा. 'तारण ठेवणं' आणि 'सोडवणं' ही आपल्याकडची रोजची भाषा आहे.

दुसरा शब्द 'मुक्ती'. पुण्याच्या वाचकाला मुक्ती म्हटलं की कदाचित ज्ञानेश्वरी आठवेल. आपल्याला १७ सप्टेंबर आठवतो. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. आपण त्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, आणि त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं विद्यापीठ नांदेडला आहे. त्या दिवसाच्या 'मुक्ती'चा जन्म-मरणाच्या फेऱ्याशी संबंध नाही. एका राजवटीच्या जाचातून एका प्रदेशाची सुटका, हा तिचा अर्थ.

हे दोन अर्थ, गहाण पडलेलं सोडवणं आणि जुलमातून सुटणं, लक्षात ठेवा. हिब्रू बायबलमध्ये तारणाची भाषा सुरू होते ती याच दोन अर्थांच्या फार जवळ. माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो: ख्रिस्ती तारण ही मोक्षाची दुसरी आवृत्ती नाही; ती गुलामी, कर्ज, शत्रू आणि हद्दपारी यांतून सुटलेल्या एका लोकसमूहाच्या आठवणीतून वाढलेली कल्पना आहे, आणि ते मूळ विसरलं की तिचा अर्थ निम्मा होतो.

चार प्रश्नांची चाळणी

कुठल्याही धर्मातल्या अशा संकल्पनेला मी चार प्रश्न विचारतो. कोणाची सुटका? कशातून? कोण सोडवतो? आणि कशासाठी?

मोक्षाला हे प्रश्न विचारा. दर्शनांमध्ये तपशिलाचे फरक आहेत, पण साधारण उत्तर असं येतं: जीवाची सुटका, कर्म आणि पुनर्जन्माच्या चक्रातून, ज्ञानानं, भक्तीनं किंवा कर्मयोगानं, आणि शेवट म्हणजे संसाराच्या पलीकडची अवस्था. आता हेच चार प्रश्न घेऊन हिब्रू बायबलकडे, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्याकडे जाऊ.

हिब्रूतला पहिला धागा: संकटातून काढणं

हिब्रूत सुटकेसाठी महत्त्वाचा धातू आहे 'याशा'. वाचवणं, अडचणीतून बाहेर काढणं, विजय मिळवून देणं. त्यापासून 'येशुआ' हे नाम बनतं: सुटका, तारण. यहोशवा, होशेय, यशया ही बायबलमधली नावं याच धातूची, आणि येशू हे नावही त्यातलंच. मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात बाळाचं नाव येशू का ठेवायचं याचं कारण सांगितलं आहे: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. हिब्रू न येणाऱ्याला हे कारण तुटक वाटतं, कारण नाव आणि कारण यांतला शब्दखेळ भाषांतरात हरवतो. चर्चमध्ये म्हटलं जाणारं 'होसान्ना' हेही मुळात याच धातूतलं आर्जव आहे, 'आता वाचव' अशा अर्थाचं. ते स्तोत्र ११८ मधून आलं.

या धातूचा सगळ्यात गाजलेला प्रसंग निर्गम या पुस्तकात आहे. इजिप्तमध्ये इस्राएल लोक वेठबिगार होते, विटा पाडत होते. मोशेच्या नेतृत्वाखाली ते निघाले, मागून फारोचं सैन्य आलं, समुद्र ओलांडून ते वाचले. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी या सगळ्याला परमेश्वरानं केलेली सुटका म्हटलं आहे. (निर्गमाची घटना ऐतिहासिकदृष्ट्या किती सिद्ध होते हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे आपण संकल्पनेचा इतिहास बघतोय, आणि त्यासाठी ही आठवण समाजानं कशी जपली हे पुरेसं आहे.)

चाळणी लावा. कोणाची सुटका? एका अख्ख्या लोकांची. कशातून? वेठबिगारीतून. कोणी केली? परमेश्वरानं, मोशेला हाताशी धरून. कशासाठी? करार पाळून, नियमशास्त्राप्रमाणे, एका भूमीत न्यायानं राहण्यासाठी. इथे संसारातून बाहेर पडणं नाही. उलट नीट संसार मांडण्यासाठीची सुटका आहे. शास्ते या पुस्तकात तर ओथनिएल आणि एहूद या लढाऊ पुढाऱ्यांनाही 'सोडवणारा' म्हटलं आहे.

दुसरा धागा: भाऊबंदानं सोडवणं

दुसरा धातू 'गाअल', आणि त्यापासून 'गोएल'. हा शब्द मराठवाड्यातल्या वाचकाला समजायला सगळ्यात सोपा, कारण तो थेट जमीन आणि भाऊबंदकीतला आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात नियम आहे. एखादा माणूस गरिबीमुळे आपली जमीन विकून बसला, तर त्याच्या जवळच्या आप्तानं ती सोडवावी. तो स्वतःच परक्याकडे गुलाम म्हणून विकला गेला, तर आप्तानं पैसे भरून त्यालाही सोडवावं. कोणीच सोडवणारा नसेल तर ५० व्या वर्षी, योबेल वर्षात, जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. हे करणारा आप्त म्हणजे गोएल.

रूथच्या गोष्टीत बवाज हाच हक्क बजावतो. यिर्मया संदेष्टा तर यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलेला असताना चुलतभावाचं अनाथोथचं शेत १७ शेकेल चांदी तोलून घेतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगतो. शहर पडणार हे माहीत असताना केलेला हा व्यवहार म्हणजे, या जमिनीवर पुन्हा आपले लोक नांदतील, असं कागदावर उतरवलेलं आश्वासन होतं. सातबाऱ्यावरचं नाव जपणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यशयाच्या ४० ते ५५ या अध्यायांत हाच शब्द परमेश्वराला लावला आहे: तो इस्राएलाचा गोएल. म्हणजे कर्जात आणि गुलामीत गेलेल्या नातलगाला सोडवायला येणारा आप्त. मराठी वाचकाला मात्र रूथच्या गोष्टीत 'आप्त' दिसतो आणि यशयात 'उद्धारकर्ता'. मूळ शब्द एकच आहे हे कळायला मार्ग राहत नाही. भाषांतर चूक आहे असं नाही. पण फक्त भाषांतरावर विसंबून संकल्पनेचा इतिहास लिहिता येत नाही, एवढं यातून शिकावं.

हद्दपारी, पाप आणि मरण

इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या राजानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना हद्दपार केलं. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजानं बाबेल जिंकलं आणि परतीची वाट मोकळी झाली. यशया ४५ मध्ये या परक्या राजाला चक्क परमेश्वराचा 'मशीहा', म्हणजे अभिषिक्त, म्हटलं आहे. 'मशीहा' हा शब्द पुढे किती चढत गेला हे माहीत असणाऱ्यानं ही नोंद जरूर ध्यानात ठेवावी.

हद्दपारीनं एक नवा प्रश्न उभा केला: आपल्यावर ही वेळ का आली? संदेष्ट्यांचं उत्तर होतं, आपण करार मोडला, गरिबांवर अन्याय केला, मूर्तींच्या मागे गेलो. म्हणजे शत्रूपासून सुटका आणि पापाची क्षमा या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या. पापाच्या शुद्धीसाठी वर्षातून एकदा येणारा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, लेवीय १६ मध्ये सविस्तर आला आहे. तेव्हा "ज्यूंना फक्त राजकीय सुटका कळत होती, पापाचा विचार ख्रिस्ती धर्मानं आणला" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये असेल तर खोडा.

आणि मरणाचं काय? जुन्या करारात बहुतेक ठिकाणी मेलेली माणसं शेओल नावाच्या अंधाऱ्या जागी जातात. तिथे बक्षीसही नाही, शिक्षाही नाही. पण इ.स.पू. १६७ च्या सुमारास सिरियाच्या अंतियोख चौथ्यानं ज्यू धर्मपालनावर बंदी घातली आणि धर्म पाळणारेच मारले जाऊ लागले, तेव्हा प्रश्न टोकदार झाला. निष्ठावंत मेला तर न्याय कुठे? दानिएलाच्या १२ व्या अध्यायात मेलेले उठतील असं स्पष्ट येतं ते याच काळात. दुसऱ्या मक्काबी पुस्तकातही सात भावांच्या गोष्टीत तीच आशा आहे. पुनरुत्थानाची कल्पना अशी छळातून आणि न्यायाच्या मागणीतून ठळक झाली. देहापासून आत्मा सुटावा ही यातली मागणी नाही. देहासकट माणूस परत उभा राहावा ही आहे. मोक्षापेक्षा हे किती वेगळं आहे ते बघा.

ग्रीकमधून नव्या करारात

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. 'येशुआ'साठी तिथे 'सोतेरिया' हा शब्द आला. ग्रीकमध्ये याचा अर्थ सुखरूपपणा, बचाव. त्याच्या क्रियापदाचा एक अर्थ बरं करणं असाही. 'सोतेर', म्हणजे तारणारा, ही तर राजांची पदवी होती. इजिप्तचा पहिला टॉलेमी सोतेर म्हणून ओळखला जातो, पुढे रोमन सम्राटांसाठीही हा शब्द वापरला गेला. म्हणजे पहिल्या शतकात येशूला 'सोतेर' म्हणणं राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी नव्हतं.

नव्या करारात जुने धागे तुटलेले दिसत नाहीत. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या शत्रूंच्या हातून सुटकेची आणि पापांच्या क्षमेची भाषा एकाच गीतात करतो. चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयातला उतारा वाचतो, तो गरीब, बंदिवान आणि पिचलेले यांच्याबद्दलचा. १९ व्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. त्यावर येशू म्हणतो, या घराला आज तारण मिळालं. तारण 'आज', आणि 'घराला', आणि पैसे परत करण्याच्या प्रसंगात! मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपला जीव खंडणी म्हणून देण्याची भाषा करतो, म्हणजे मोल देऊन सोडवण्याचा जुना धागा. आणि त्याला क्रुसावर दिलं जातं ते वल्हांडणाच्या सणात, इजिप्तमधून सुटल्याची आठवण करण्याच्या दिवसांत.

मग नवीन काय? तीन गोष्टी. एक, 'कशातून' या प्रश्नाचं उत्तर पाप आणि मरण इथपर्यंत ताणलं गेलं. फारोच्या जागी जणू मरणच आलं. दोन, 'कोणाची' या प्रश्नाचं उत्तर सगळ्या राष्ट्रांपर्यंत गेलं. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यावरच वाद आहे: यहुदी नसलेल्यांना सुंता केल्याशिवाय तारण आहे की नाही? इ.स. ४९ च्या सुमाराची ही यरुशलेमची बैठक. तीन, हे सगळं येशूच्या मरण-पुनरुत्थानाशी बांधलं गेलं. पौल तर तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो: झालं आहे (रोमकरांस ८), होत आहे (करिंथकरांस पहिले पत्र १), होणार आहे (रोमकरांस ५).

येशूच्या मरणानं तारण नेमकं कसं होतं याचे सिद्धांत मात्र नंतरचे. कँटरबरीच्या अन्सेल्मचा प्रसिद्ध ग्रंथ १०९८ च्या सुमाराचा, ल्यूथरची चळवळ १५१७ ची. परीक्षेत आणि प्रबंधात ही गल्लत फार होते: सोळाव्या शतकातला ल्यूथर पहिल्या शतकातल्या पौलाच्या तोंडी घातला जातो. क्रिस्टर स्टेन्डाल यांनी १९६३ मध्ये आणि ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. सँडर्स यांनी दाखवलं की त्या काळचा ज्यू धर्म "कर्म करून तारण कमवा" असा नव्हता. देवानं कृपेनं करारात आधीच घेतलंय आणि नियमपालन हा त्या करारात राहण्याचा मार्ग, अशी ती समजूत होती. "ज्यू म्हणजे कर्मकांड, ख्रिस्ती म्हणजे कृपा" ही जुन्या पुस्तकांतली विभागणी आज अभ्यासात टिकत नाही.

मराठीत हे कसं उतरलं

मराठीतला पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूचं. म्हणजे ज्यू मुळं सांगितल्याशिवाय ख्रिस्ती गोष्ट सुरू होत नाही हे त्यांच्या रचनेतच आहे. पण शब्द त्यांनी श्रोत्यांच्या ओळखीचे घेतले: मुक्ती, वैकुंठ. दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट भाषांतरं आली. श्रीरामपूरच्या कॅरींचा मराठी नवा करार १८११ चा, मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचा १८२६ चा. पुढे चर्चच्या भाषेत 'तारण' स्थिरावलं. या शब्दाचीही स्वतःची पार्श्वभूमी आहे: भवसागर तारून नेणारा विठ्ठल वारकऱ्यांना काही नवा नव्हता. म्हणजे मोक्ष टाळला तरी पाटी कोरी नव्हती.

हिब्रू मुळं मात्र मराठीत ख्रिस्ती लोकांच्या आधीपासून होती. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, हे मराठी बोलणारे ज्यू. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, ते या समाजासाठी उपयोगी पडावं म्हणून. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हाग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. हाग्गादाच्या विधीत द्राक्षारसाचे चार प्याले असतात, आणि परंपरेनं ते निर्गम ६ मधल्या सुटकेच्या चार क्रियांशी जोडले जातात. त्यातली एक क्रिया 'गाअल'चीच. म्हणजे 'ज्यू मुळं' हा फक्त प्राचीन इतिहास नाही. मूळ म्हटलं की ते जमिनीखाली आणि झाड वर, असं वाटतं. इथे मूळही जिवंत झाड आहे, आणि ते मराठीत बोललं आहे.

आणि पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणून आसरा दिला. संस्थेचं नाव 'मुक्ती'. तिथे मुक्ती म्हणजे भाकरी, छप्पर, अक्षर आणि हाताला काम, आणि त्याच्या जोडीला येशूवरची श्रद्धा. याच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकमधून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२२ मध्ये वारण्यापूर्वी ते हातावेगळं केलं. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच बाईनं जगून दाखवले.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं

आता मराठवाडा. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याला फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचं काम करत होते. पंतप्रधान सालारजंग यांच्या काळात निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली. नाव ठेवलं बेथेल, उत्पत्ती पुस्तकातल्या याकोबाच्या गोष्टीतलं हिब्रू नाव, अर्थ 'देवाचं घर'. तिथे आलेले बहुतेक लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचं गाव, विहीर, शाळा मिळणं आणि त्या गावाला हिब्रू नाव असणं, याचं वर्णन 'मोक्ष' या शब्दात बसेल का? आणि फक्त 'मिशनऱ्यांचं आमिष' या शब्दात तरी बसेल का? दोन्ही शब्द घाईचे आहेत. त्या माणसांना तारण कशातून मिळालं असं वाटत होतं, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सगळ्यात कठोरपणे विचारला तो डॉ. आंबेडकरांनी. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आपल्या लेखनात त्यांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मांतराची चिकित्सा केली आहे. त्यांचा आक्षेप असा: अस्पृश्याला सांगायला हवं होतं की तुझी अवस्था चुकीच्या समाजरचनेमुळे झाली, ती रचना बदल. त्याऐवजी त्याला सांगितलं गेलं की तुझं पतन तुझ्या पापामुळे झालं. मग लढायचं कोणाशी? हा आक्षेप आपल्या चाळणीत घालून बघा. 'कशातून' या प्रश्नाचं उत्तर फक्त 'तुझ्या स्वतःच्या पापातून' एवढंच उरलं, फारो गायब झाला, तर काय होतं ते बाबासाहेब सांगतायत. आणि याच बाबासाहेबांनी १९४१ मध्ये मोशेवर लेख लिहिला, त्यात निर्गमाची गोष्ट त्यांना दलितांच्या चळवळीसाठी बळ देणारी वाटते. म्हणजे त्यांनी तारणाची एक समजूत नाकारली आणि तिचंच जुनं ज्यू मूळ जवळ केलं. माझ्या वाचनात हा योगायोग नाही.

दुसऱ्या बाजूनंही प्रामाणिक राहायला हवं. तारण म्हणजे फक्त सामाजिक सुटका, असं म्हणणंही तितकंच अर्धवट. श्रद्धावान ख्रिस्ती माणसासाठी पापक्षमा, प्रार्थना आणि मरणापलीकडची आशा हा गाभा आहे. तो वगळून त्याचा इतिहास लिहिला तर तो त्याला स्वतःचा वाटणार नाही. आणि बाबेलच्या हद्दपारीपासूनच दोन्ही गोष्टी एकत्र आहेत हे आपण वर पाहिलं.

जाता जाता, सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

मी सुरुवातीला मोंढ्यातल्या तारणाचं उदाहरण दिलं. ते समजावण्यासाठी ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. मराठी 'तारण'ला गहाणाचा अर्थ आहे म्हणून बायबलच्या तारणाला तो आहे, असा युक्तिवाद कोणी केला तर व्हायवात उभं राहता येणार नाही. गोएलचा जमिनीशी असलेला संबंध लेवीय आणि रूथ यांच्या मजकुरातून सिद्ध होतो, मराठी शब्दसाम्यातून नाही. जेम्स बार यांचं १९६१ चं बायबलच्या भाषेवरचं पुस्तक हेच शिकवतं: शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत नसतो, वाक्यातल्या वापरात असतो, आणि एका शब्दाचे सगळे अर्थ प्रत्येक ठिकाणी कोंबायचे नसतात.

करण्यासारखं काम भरपूर आहे. १८११, १८२६ पासून रमाबाईंपर्यंतच्या मराठी भाषांतरांत एखादा उतारा, समजा लूक १ किंवा रूथ ४, शेजारी शेजारी ठेवा आणि कोणत्या मूळ शब्दाला कोणता मराठी शब्द आला याचा तक्ता करा. त्यासाठी परदेशी जायला नको. चिकाटी आणि हिब्रू-ग्रीकची अक्षरओळख पुरे. तोंडी इतिहासाकडे ओढ असेल तर नांदेड-लातूरच्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या जुन्या माणसांना एकच प्रश्न विचारा: "तारण म्हणजे तुमच्या आज्याला काय मिळालं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

त्या ज्युनिअरला मी हे सगळं परवा सांगितलं. तिनं मसुद्यात 'मोक्ष' खोडलं, पण 'तारण' लगेच लिहिलं नाही. तिथे रिकामी जागा ठेवली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: कशातून? सिनॉप्सिससाठी याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.